एकदाच डाळ लावा, दोन दिवस जेवा

घरात दोघंच असलात, तरी रोज अर्धी-अर्धी वाटी डाळ शिजवत बसू नका. एकदम वाटीभर तूरडाळ लावा. गॅस जवळपास तेवढाच जळतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर आमटी झटपट होते.

डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा. कुकरच्या भांड्यात अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चमचाभर तेल घाला; तेलाने फेस कमी येतो, डाळ उतू जात नाही. कुकरच्या तळाशीही पाणी हवंच. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पाच-सात मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. चिंच, आमसूल, टोमॅटो मात्र आधी घालायचं नाही. आंबटाने डाळ टणक राहते, मग कितीही शिट्ट्या काढा.

गरम असतानाच रवीने घोटा. निम्म्या डाळीत मीठ आणि गुळाचा खडा घालून गोडं वरण करा. वर साजूक तूप, लिंबू. (तुपाला हात आखडायचा नाही.) उरलेली बिनमिठाची डाळ कोमट झाली की झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती घट्ट गोळा झालेली दिसेल, ते ठीकच आहे. मोहरी, कढीपत्ता, मिरचीची फोडणी करा, त्यात डाळ आणि गरम पाणी घाला. मग चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, गोडा मसाला घालून खळखळून उकळी आणा.