हरणाच्या शिकारीच्या सीझनआधी ट्रिगरमध्ये तेल ओतू नका
अमेरिकेत थंडीच्या राज्यात शिकारीला जाणाऱ्यांसाठी सांगतोय, बोल्ट अॅक्शन रायफलच्या (हाताने बोल्ट म्हणजे दांडा मागे-पुढे करून गोळी भरायची ती) ट्रिगरमध्ये डब्ल्यूडी-४० वगैरे स्प्रेचं तेल मारायचं नाही. बॅरलला तेल ठीक आहे, पण ट्रिगरच्या डबीत ते सुकून चिकट थर होतो, त्यात धूळ बसते आणि नोव्हेंबरच्या गारठ्यात तो थर इतका घट्ट होतो की सिअर (गोळीवर आदळणारी फायरिंग पिन अडवून धरणारा खटका) नीट जागेवर येत नाही, मग बोल्ट बंद करताना किंवा सेफ्टी काढताना आपोआप बार उडू शकतो. आधी रायफल रिकामी करा, चेंबरमध्ये (गोळी बसते तिथे) बोट घालून बघा, मग स्टॉक (लाकडी किंवा प्लास्टिकचा दस्ता) काढून उघड्या हवेत साधं लायटर फ्लुइड आतून सोडा (जवळ सिगारेट नको बाबांनो!) आणि पूर्ण वाळू द्या. स्क्रू फिरवून पुल (ट्रिगर ओढायला लागणारा जोर) हलका करायच्या भानगडीत पडू नका, ते गनस्मिथचं म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं काम. रेमिंग्टन ७०० असेल तर एक्स-मार्क प्रो ट्रिगर आहे का बघा, १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेले कंपनीने परत मागवले होते. जोडल्यावर रिकाम्या रायफलचा बोल्ट जोरात बंद करा, सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, सोडा, सेफ्टी काढा. फायरिंग पिन पडली तर रायफल सरळ दुकानात न्या.