चहाआधी कोळसा: चानोयू शिकायला निघालेल्यांसाठी

जपानात नोकरीला किंवा शिकायला आलेली आपली मंडळी हौसेने चानोयूच्या, म्हणजे जपानी चहाविधीच्या वर्गाला जातात, माचा (हिरव्या चहाची पूड) घुसळायला शिकतात, फोटो काढतात. कोळशाकडे फारसं कुणी फिरकत नाही. खरं तर उरासेन्के या चहाविधीच्या परंपरेत 'न्यूमोन' या पहिल्याच पायरीच्या अभ्यासात सुमिदेमाए येतो, म्हणजे पाहुण्यांसमोर विस्तवावर कोळसा रचणं. पण शहरातले पुष्कळ वर्ग इमारतींमध्ये भरतात, किटलीखाली विजेची शेगडी असते आणि कोळशाचं "पुढे बघू" असं होतं. ते पुढे ढकलू नका. खरा विस्तव वापरणारा वर्ग शोधा, जरा लांब पडला तरी.

तिथे गेल्यावर कोळसा रचायला मिळावा म्हणून घाई करू नका. आधी सुमितोरी भरायला मागा. सुमितोरी म्हणजे कोळशाची टोपली, बहुधा बांबूची किंवा वेताची. भुकटी खाली सांडू नये म्हणून आतून कागद किंवा लाख चढवलेली असते. ती मिझुयात, म्हणजे मागच्या तयारीच्या खोलीत भरतात. त्या कामाला सहसा कुणी पुढे येत नाही, त्यामुळे विचारलंत तर गुरू आनंदाने हो म्हणतात.

टोपलीत कोळशाबरोबर चार वस्तू असतात: पिसांचा झाडू (हाबोकी), किटली उचलायच्या लोखंडी कड्या (कान), हिबाशी नावाच्या धातूच्या काड्या आणि धुपाची डबी, म्हणजे कोगो. पाहुण्यांसमोर त्या याच क्रमाने बाहेर येतात. टोपली नीट भरलेली असेल तर पुढची वस्तू आपोआप हाताशी येते. चुकीची भरली असेल तर भर बैठकीत कोळसे खडखडतात आणि सगळ्यांना कळतं. म्हणून मी म्हणेन, निम्मा सुमिदेमाए मिझुयातच होतो. कोळशाचंही तसंच. सर्वांत जाड दोझुमी आधी रचतात, मग लहान तुकडे. चुन्याने पांढऱ्या केलेल्या बारीक फांद्या, एदाझुमी, शेवटाकडे येतात. टोपलीतली मांडणी हाच क्रम धरून असते. एकदा स्वतः भरलीत की तो पाठ करावा लागत नाही.

कोळसा कुनुगी या ओक जातीच्या झाडाचा. ओसाकाजवळच्या इकेदाच्या नावाने ओळखला जाणारा सर्वांत नावाजलेला. त्याचा आडवा काप शेवंतीच्या फुलासारखा दिसतो. आपल्या लोणारी कोळशाची सवय असेल तर सालीसकट शाबूत राहिलेला, मापात कापलेला हा तुकडा आधी हातात घेऊन बघाच. वापरण्याआधी तो पाण्याने धुऊन वाळवतात. भुकटी निघून जाते आणि ठिणग्या उडून तातामी, म्हणजे खोलीतली चटई जळत नाही. धुण्याचं काम नवख्याकडे येतं. कंटाळवाणं आहे, पण तुकड्यांची नावं आणि मापं तिथेच हातात बसतात.

ऋतूचं गणित मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत बसवलेली चूल (रो), मे ते ऑक्टोबर जमिनीवर ठेवायची शेगडी (फुरो). रोचा कोळसा मोठा, म्हणून टोपलीही मोठी. रोला मातीचा कोगो आणि मळलेला धूप. फुरोला लाकडी किंवा लाखेचा कोगो आणि चंदनाचे तुकडे. म्हैसूरच्या चंदनाला इथे भारी मान आहे. भारतीय म्हटल्यावर त्यावर बोलणं निघतंच. नोव्हेंबरात चूल उघडतात तेव्हा टोपलीऐवजी कापलेल्या भोपळ्याची सुमितोरी वापरायची रीत आहे.

खरेदीची घाई नको. टोपली तर अजिबात नको, कारण परंपरेनुसार आणि ऋतूनुसार ती बदलते. जुना हाबोकी स्वस्तात दिसला तरी पिसं कुठल्या पक्ष्याची ते विचारा. क्रौंच, गरुड अशा संरक्षित पक्ष्यांची पिसं भारतात नेताना कायद्याची अडचण येऊ शकते. वस्तू बघायच्या असतील तर क्योतोत चादो शिर्योकान हे चहाविधीचं संग्रहालय आणि किटल्यांसाठी ओनिशी सेइएमोन संग्रहालय बघा. पूर्णवेळ शिकायचं असेल तर परदेशी विद्यार्थ्यांसाठी उरासेन्केचा मिदोरिकाई हा अभ्यासक्रम 1970 पासून आहे.

आणि जुलैअखेरीस वर्गाला दांडी मारू नका. ऐन उन्हाळ्यात रोची राख पाण्यात कालवून, निवळून, उन्हात वाळवून, चाळून ठेवतात. उकाड्यामुळे माणसं कमी असतात, आणि त्या दिवशी गुरूंना कितीही प्रश्न विचारता येतात. जुने कपडे घालून जा.