शेवाळातले चपटकृमी शोधताना

उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीची, सुकती (ओहोटी) गाठा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी पुरेसं मागे हटत नाही. मालवणच्या खडकांवर मी अमावास्येनंतर दोन दिवसांनी उतरते, पाणी पूर्ण ओसरायच्या तासभर आधी.

मोठे, रंगीत चपटकृमी दगडांखाली सापडतात. दगड उलटवलात तर होता तसाच परत ठेवा, खाली चिकटलेले जीव आणि अंडी उन्हात सुकून मरतात. माझा जीव मात्र मिलिमीटरभर लांबीच्या, शेवाळात दडलेल्यांवर आहे. मूठभर शेवाळ बरणीत घ्या. लिटरभर गोड्या पाण्यात 75 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराईड विरघळवून त्यावर ओता. दहा मिनिटांत जीव गुंगतात, त्यांची पकड सुटते. बरणी गोल फिरवा, पाणी 63 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा आणि चाळणी उपडी धरून समुद्राच्याच पाण्याने बशीत धुवा. नुसतं गोडं पाणी नको, त्यात हे जीव फुटतात.

आता भिंग लावा. करडा ठिपका काचेवरून अलगद सरकतो, पाय नाहीत, फक्त पोटाखालची सूक्ष्म लव. पुढे दोन काळे डोळे. चिमट्याने तुटतो, म्हणून ड्रॉपरनेच उचला. फोटो जिवंतपणीच काढा, स्पिरिटमध्ये तो आकसतो आणि रंग जातो.