सोयाबीनचा पिवळा मोझॅक: पीसीआर करताना या चुका टाळा

पान पिवळं म्हणजे विषाणूच, असं धरून पीसीआरसाठी (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीसाठी) नमुना काढू नका. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की लोहाच्या कमतरतेनंही शेंड्याची पानं पिवळी पडतात. पण त्यात शिरा हिरव्या राहतात. मोझॅकचे पिवळे चट्टे वेडेवाकडे असतात, शिरांना जुमानत नाहीत. ठळक चट्ट्यांची कोवळी पानं कागदात गुंडाळून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून सडतात.

आरएनए काढत बसू नका. पपईच्या रिंगस्पॉट रोगाच्या चाचणीला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आरएनएवरून डीएनए बनवणं) लागतं, कारण तो विषाणू आरएनएचा. मोझॅकचा विषाणू बेगोमोव्हायरस गटातला, एकपदरी डीएनएचा आहे: दोन गोल तुकडे, प्रत्येकी सुमारे २७०० न्यूक्लिओटाइडांचे. डीएनए-ए वर आवरण-प्रथिन आणि प्रतिकृती सुरू करणारं रेप हे प्रथिन, तर डीएनए-बी वर विषाणूला झाडभर फिरवणारी दोन प्रथिनं. रेप हे पॉलिमरेज (डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम) नव्हे. प्रत काढण्याचं काम विषाणू सोयाबीनच्याच पॉलिमरेजकडून करवून घेतो.

पीसीआरनंतर जेलवर पट्टी (वाढलेल्या डीएनएची खूण) आली नाही म्हणून 'निरोगी' लिहू नका. सोयाबीनच्या पानातली पॉलिफिनॉलं आणि पॉलिसॅकराइडं पीसीआर अडवतात. डीएनए काढताना २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) द्रावणात २ टक्के पीव्हीपी (पॉलिफिनॉलं धरून ठेवणारा पदार्थ) घाला, ६५ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. तरीही पट्टी नसेल तर डीएनए १० पट, मग ५० पट पातळ करून बघा. सोबत सोयाबीनच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची पीसीआर चालवा. तीही आली नाही, तर दोष डीएनएत आहे. विषाणूबद्दल काहीच सिद्ध झालेलं नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक पट्टी आल्यावरची. आवरण-प्रथिनाच्या प्राइमरनं (कोणता भाग वाढवायचा ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) पट्टी दिसली, की लगेच विषाणूचं नाव लिहिलं जातं. हे आवरण पांढऱ्या माशीच्या शरीरातून पार जायला लागतं, म्हणून त्याची घडण बेगोमोव्हायरसांत फारशी बदलत नाही. एलायझाही (प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखणारी चाचणी) त्याच प्रथिनावर चालते, त्यामुळे मूगबीन यलो मोझॅक व्हायरस आणि मूगबीन यलो मोझॅक इंडिया व्हायरस तिला वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी पूर्ण डीएनए-ए वाचावा लागतो. माहीत असलेल्या विषाणूंशी साम्य ९१ टक्क्यांहून कमी असेल तर प्रजाती वेगळी.

पूर्ण जीनोमसाठी फाय-२९ पॉलिमरेजनं ३० अंशांवर १८ तास गोलाकार वाढ (गोल डीएनएच्या सलग प्रती काढणं) करा, मग एकाच जागी कापणारं एन्झाइम लावा. २७०० ची पट्टी आली तरी तीत ए आणि बी दोन्ही असू शकतात, कारण दोघांची लांबी जवळपास सारखी. क्लोन (जिवाणूत वाढवलेले एकेक तुकडे) वेगवेगळे तपासा.