गेममधी फायटर विमान न आपटता कसं उतरवायचं

राजेहो, गावागावातले पोट्टे आता वॉर थंडर हा लढाऊ विमानांचा गेम खेळून रायले, काहींनी डीसीएस हा अजून खऱ्यासारखा विमानाचा गेम बी टाकलं, पण जो तो पाडापाडीतच खूश, अन् लँडिंगची वेळ आली की विमान शेतात. वॉर थंडरच्या रिअलिस्टिक बॅटल या मोडमधी आपल्या एअरफिल्डवर नीट उतरले त गोळ्या परत भरून भेटतात, विमान रिपेअर होते अन् पुन्हा लढायले जाता येते. म्हणून हे शिकाच.

सगळ्यात आधी स्पीड. रनवेवर पोचल्यावर कमी करू असं म्हणलं त विमान तरंगत तरंगत अख्खा रनवे संपवते, म्हणून पाच-सहा किलोमीटर आधीच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, खाली घ्या, तरी स्पीड उतरत नसन त उंची तेवढीच ठेवून एक जोराचा टर्न मारा, स्पीड पटकन पडते. मंग चाकं काढा, मंग फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागं खाली उतरणाऱ्या पट्ट्या, ते बी टप्प्याटप्प्यानं: वॉर थंडरमधी कॉम्बॅट, टेकऑफ, लँडिंग असे तीन टप्पे हायेत. जास्त स्पीडमधी पूर्ण फ्लॅप काढले त ते तुटतात. डीसीएसमधी फुकट भेटते त्या टीएफ-५१डी मस्टँगचा आकडा लिहून ठेवा: चाकं ताशी 170 मैलाच्या खाली, पूर्ण फ्लॅप 165 च्या खाली, अन् रनवेसमोर सरळ आल्यावर साधारण 120.

आता खरी गोष्ट. हळू उडताना स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायची दांडी, स्पीडसाठी अन् थ्रॉटल उंचीसाठी, हे डोक्यात पक्कं बसवा. रनवेच्या अलीकडेच पडन असं वाटलं की नवीन माणूस नाक वर ओढते, त्यानं स्पीड अजून मरते अन् विमान दगडासारखं खाली येते, तिथी थ्रॉटल द्या लागते. वर्धा रोडवरून नागपूर एअरपोर्टले उतरणारं विमान कधी नीट पाहा, नाक खाली घालून येत नाही, थोडं वर ठेवूनच खाली येत असते.

रनवेची सुरुवात स्क्रीनवर कुठी दिसते तिकडे ध्यान ठेवा. ती जागा वर सरकून रायली त तुम्ही अलीकडेच पडसान, खाली सरकून रायली त पुढे निघून जासान, जागची हलत नसन त बरोबर चालू हाय, हात लावू नका.

जमीन पाच-सहा मीटरवर आली की थ्रॉटल बंद, नजर रनवेच्या पार शेवटल्या टोकाले, अन् नाक हळूहळू वर घेत विमानाले टेकूच द्यायचं नाही असं धरून ठेवा, ते आपोआप टेकते. उसळलं त नाक खाली दाबू नका भाऊ, त्यानंच प्रोपेलर जमिनीत जाते. थोडा थ्रॉटल देऊन सांभाळा, नाही त सरळ फुल थ्रॉटल मारून पुन्हा चक्कर घ्या.

टेकलं म्हणजे झालं नाही, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं त बिलकुल नाही. स्पिटफायर, मेसरश्मिट 109, मस्टँग यायचं वजन मुख्य चाकांच्या मागं असते, म्हणून ट्रॅक्टरनं ट्रॉली मागं घेताना होते तसंच होते, थोडी वाकडी झाली की अजून वाकडी होत जाते. रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवायचं शेपटीचं सुकाणू, दाबून धरू नका, टिचक्या मारा. आपल्याकडे बहुतेक जण कीबोर्डवरच खेळतात, त्यायच्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं. स्टिक पूर्ण मागं ठेवा, मस्टँगमधी त्यानं मागचं चाक लॉक बी होते. ब्रेक थोडा थोडा. 109 अन् स्पिटफायर दोघायची चाकं जवळजवळ हायेत, पंख टेकायले वेळ लागत नाही. अन् स्पिटफायरचं नाक एवढं लंब की समोरचा रनवेच झाकून जाते, म्हणून वळत वळत या, शेवटीच सरळ करा.

जेटमधी स्पीडपेक्षा अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन, पाहा लागते. एफ-18 हॉर्नेट या जेटले 8.1 डिग्री पकडा. एफ-16 टेकल्यावर नाक 13 डिग्रीवर उचलून ठेवलं त हवाच ब्रेकचं काम करते, फक्त 15 च्या वर नेऊ नका, मागून घासते.

गोळ्या लागलेल्या पंखानं उतरत असान त नेहमीपेक्षा वीस-तीस किलोमीटर स्पीड जास्त ठेवा, अन् फ्लॅप काढताना विमान एका बाजूनं झुकून रायलं त लगेच परत घ्या, एकीकडचा फ्लॅप गेला असन. प्रॅक्टिस टेस्ट फ्लाइटमधी करा, पेट्रोल कमी भरा म्हणजे विमान हलकं रायते, अन् चक्कर परत घ्यायची झाली त आधी फुल थ्रॉटल, मंग चाकं वर, फ्लॅप मात्र एकदम बंद करू नका, स्पीड आल्यावर एकेक टप्पा.