परदेशस्थ आफ्रिकी दिग्दर्शकाची कारकीर्द कशी अभ्यासावी

अभ्यासाची सुरुवात चित्रपटांच्या यादीने करू नये. तो दिग्दर्शक परदेशी कोणत्या वाटेने पोहोचला आणि तिथे त्याचा चरितार्थ कशावर चालला, हे आधी पाहावे. उदाहरणार्थ, इथिओपियातील गोंदर येथे १९४६ साली जन्मलेले दिग्दर्शक हैले गेरिमा १९६७ मध्ये नाट्यशिक्षणासाठी शिकागोला गेले, पुढे लॉस एंजेलिसमध्ये चित्रपटकला शिकले आणि १९७५ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अध्यापन करू लागले. ही प्राध्यापकी त्यांच्या निर्मितीचा कणाच होती, असे मला वाटते.

त्यानंतर वितरणाकडे वळावे आणि इथे घाई मुळीच करू नये. गेरिमा यांचा गुलामगिरीवरील चित्रपट ‘सान्कोफा’ (१९९३) अमेरिकेतील वितरकांनी स्वीकारला नाही, तेव्हा गेरिमा यांनी शहरोशहरी चित्रपटगृहे भाड्याने घेऊन, कृष्णवर्णीय वस्त्यांतील कार्यकर्त्यांच्या साथीने तो स्वतः दाखवला. पुढे हॉवर्डसमोर ‘सान्कोफा’ याच नावाचे पुस्तकांचे दुकान त्यांनी आणि पत्नी शिरिकियाना आइना यांनी उभे केले. दिग्दर्शक संस्था कशी उभी करतो, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

प्रत्येक चित्रपटाचे चित्रीकरण कुठे झाले, संवादांची भाषा कोणती आणि पैसा कोणाचा, याची नोंद करावी. पुरस्कारांपैकी बुर्किना फासोतील वागाडूगूच्या ‘फेस्पाको’ महोत्सवाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिथे आफ्रिकी चित्रपट आफ्रिकी प्रेक्षकांसमोर जोखला जातो. गेरिमा यांच्या ‘तेझा’ या चित्रपटाला २००९ मध्ये तिथला सर्वोच्च सन्मान मिळाला. मुलाखती मात्र चित्रपट पाहून झाल्यावरच वाचाव्यात.