जुना मॉनिटर माळ्यावर टाकू नका: लिनक्स मिंटवर दोन स्क्रीन अशा जोडा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपले की अडत दुकानातल्या दिवाणजींचं खरं काम सुरू होतं. सौद्याची यादी उघडी हवी, शेतकऱ्याची पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद करायचा, मधेच जीएसटीचं पोर्टल बघायचं. एकाच पडद्यावर या तिन्ही खिडक्यांत ये-जा करताना वजनाचा आकडा भावाच्या रकान्यात जातो. विश्रामबागेतल्या करसल्लागाराच्या टेबलावरही काही वेगळं चित्र नसतं. दुसरा मॉनिटर हा यावरचा स्वस्त उपाय, आणि बहुतेक ठिकाणी तो कोपऱ्यात धूळ खात पडलेलाच असतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर ज्यांनी जुनं मशीन न विकता त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, त्यांच्यासाठी हा लेख. उदाहरण मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपचं, म्हणजे मेनू-खिडक्यांच्या एका मांडणीचं घेतलंय. उबुंटूत जिथं वेगळं आहे तिथं सांगतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लिनक्समधली जोडणी पाच-दहा मिनिटांची असते. वेळ जातो तो केबल आणि पोर्टात. म्हणून आधी सीपीयूची पाठ बघायची, मग दुकानात जायचं.

सीपीयूची पाठ बघा

मोबाइलचा टॉर्च लावून मागचे पोर्ट बघा. निळं, पंधरा छिद्रांचं, दोन बाजूंना स्क्रू असलेलं ते व्हीजीए. चपटं, खालचे दोन कोपरे आत वळलेलं ते एचडीएमआय. तसंच दिसणारं पण एकच कोपरा कापलेलं ते डिस्प्लेपोर्ट. मॉनिटरच्या मागेही असंच बघा आणि दोन्हींचे फोटो काढून ठेवा. दुकानात जाऊन नुसतं "मॉनिटरची केबल द्या" म्हटलंत तर हाताला लागेल ती मिळेल, फोटो दाखवा.

मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर पोर्टांचे दोन गट दिसतात: वर मदरबोर्डचे उभे, खाली कार्डाचे आडवे. दोन्ही मॉनिटर शक्यतो कार्डालाच जोडा. कार्ड बसवलं की बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्डचे पोर्ट आपोआप बंद होतात. तेही वापरायचेच असतील तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन मल्टी-मॉनिटरचा पर्याय चालू करावा लागतो. वेगळं कार्ड नसेल आणि मदरबोर्डवर व्हीजीए व एचडीएमआय असे दोन पोर्ट असतील, तर साधारणतः दोन्ही एकदम चालतात.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. सीपीयूला एचडीएमआय मोकळं आहे आणि जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल, व्हीजीएचा ॲनालॉग. त्यामुळे दोन टोकांना दोन वेगळे पिन असलेली नुसती तार चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तो एकाच दिशेनं काम करतो. 'एचडीएमआयमधून व्हीजीए' असा सांगून घ्या; 'व्हीजीएमधून एचडीएमआय' ही वेगळी वस्तू आहे, दिसायला जवळपास तशीच. यूएसबीला लावून स्क्रीन देणारे डिस्प्लेलिंकचे ॲडाप्टरही मिळतात, पण लिनक्सवर त्यांना वेगळा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) टाकावा लागतो आणि कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा अपडेटमध्ये बदलला की तो कधी कधी रुसतो. पर्याय असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

लांबीही मोजा. २०१९ च्या पुरानंतर ज्यांनी सीपीयू जमिनीवरून उचलून वरच्या फळीवर ठेवला, त्यांना दीड मीटरची केबल कमी पडू शकते.

जोडणी

एचडीएमआय चालू मशीनला लावली तरी चालते. व्हीजीए मात्र मशीन बंद करून लावा आणि दोन्ही स्क्रू हातानं आवळा. आधी दोन्ही मॉनिटर चालू करा, मग सीपीयू. मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलंय का, तेही बघा. 'नो सिग्नल' दिसलं की लोक लिनक्सला दोष देतात, आणि मॉनिटर बिचारा दुसऱ्याच पोर्टाकडे डोळे लावून बसलेला असतो.

डिस्प्ले सेटिंग

मेनू उघडून 'डिस्प्ले' शोधा. उबुंटूत सेटिंग्जमध्येच 'डिस्प्लेज' आहे. दोन चौकोन दिसतील. एकच दिसला तर पुढचं काही करू नका, खालच्या 'स्क्रीन दिसतच नसेल तर' या भागाकडे जा.

दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येत असेल तर 'मिरर' बंद करा. उबुंटूत त्यासाठी 'जॉइन' निवडायचं. मग चौकोन माऊसनं ओढून टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे मांडा. जुना डावीकडे असेल तर त्याचा चौकोनही डावीकडे. हे चुकलं की माऊस उजवीकडे नेल्यावर डावीकडून उगवतो आणि दिवसभर डोकं फिरतं.

उंचीकडेही लक्ष द्या, कारण जुना-नवा जोडीत खरी गंमत इथंच आहे. नवा मॉनिटर १९२० बाय १०८० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे ठिपके) आणि जुना १३६६ बाय ७६८ चा असला, तर दोघांच्या उंचीत ३१२ पिक्सेलचा फरक पडतो. चौकोनांच्या वरच्या कडा जुळवल्या तर मोठ्या पडद्याच्या खालच्या ३१२ पिक्सेलांच्या शेजारी काहीच नसतं. तिथून माऊस पलीकडे जात नाही, कडेला अडतो. मॉनिटर एकाच टेबलावर असतील तर खालच्या कडा जुळवा. स्टँडची उंची वेगळी असेल तर डोळ्यांना जे समोरासमोर दिसतं तसं थोडं वर-खाली करा. एखाद्या खिडकीचा माथा एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकवून बघितलं की लगेच कळतं.

मुख्य स्क्रीन कोणती, हे ठरवून 'प्रायमरी' करा. ज्याच्यावर आकडे भरता तो मोठा मॉनिटर मुख्य, आणि जुन्यावर नुसतं बघायचं ते: सौद्याची यादी, पोर्टल, व्हॉट्सॲप. मुख्य मॉनिटर थेट समोर आणि दुसरा किंचित तिरका ठेवा. दोघांच्या मधली फट नाकासमोर आली तर संध्याकाळपर्यंत मान धरते.

प्रत्येक मॉनिटरला त्याचं मूळ रेझोल्यूशन, म्हणजे त्याच्या पडद्यावर जितके पिक्सेल आहेत तोच आकडा द्या, नाहीतर अक्षरं पुसट दिसतात. चित्र लुकलुकत असेल तर रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं काढलं जातं तो आकडा) ६० हर्ट्झ करून बघा. व्हीजीएवर अक्षरं थरथरत असतील तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. सगळं झालं की 'अप्लाय'. लगेच 'हे ठेवायचं का?' असं विचारलं जाईल. पडदा काळा पडला तर काही दाबू नका, थोड्या वेळात जुनी सेटिंग आपोआप परत येते.

मिंटमध्ये दुसऱ्या पडद्यावर खालची पट्टी आपोआप येत नाही. हवी असेल तर पॅनेलवर उजवी क्लिक करून पॅनेल सेटिंग्जमधून नवं पॅनेल जोडा. उबुंटूत 'उबुंटू डेस्कटॉप' विभागात डॉक सगळ्या स्क्रीनवर दाखवण्याचा पर्याय आहे.

स्क्रीन दिसतच नसेल तर

आधी केबल बदला. आज्ञा टाइप करण्यापूर्वी हे करा, कारण मॉनिटर स्वतःची माहिती संगणकाला केबलमधूनच कळवतो. व्हीजीए केबलची पिन वाकली किंवा कन्व्हर्टर हलका असला की ती माहिती पोचत नाही, आणि यादीत १०२४ बाय ७६८ च्या वर काही दिसत नाही.

तरीही नाहीच, तर टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी उघडून इंग्रजी लहान लिपीत एक्स-आर-ए-एन-डी-आर ही सहा अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. मिंटमध्ये प्रत्येक पोर्टाचं नाव आणि पुढे 'कनेक्टेड' किंवा 'डिसकनेक्टेड' असं येतं. मॉनिटर लावूनही 'डिसकनेक्टेड' आलं तर दोष बहुधा तारेत किंवा पोर्टात. पोर्टच यादीत नसेल तर ड्रायव्हर बघा. एनव्हिडियाचं कार्ड असल्यास मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेला निवडा आणि मशीन पुन्हा सुरू करा. मांडणीचा पारच विचका झाला असेल तर होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेलं 'कॉन्फिग' फोल्डर उघडा, त्यातल्या 'सिनॅमन-मॉनिटर्स' फाइलचं नाव बदला आणि लॉगआउट करून परत या.

लाइट गेल्यावर

यूपीएसच्या बॅटरीवर चालणारे सॉकेट मोजकेच असतात, त्यामुळे दुसरा मॉनिटर बऱ्याचदा साध्या बोर्डावर लागतो. लाइट गेली की तो काळा पडतो, पण त्यावरची अर्धवट पट्टी उघडीच असते. ऑल्ट-टॅब दाबून ती खिडकी निवडा, मग सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि शिफ्ट धरून मुख्य मॉनिटरच्या दिशेचा बाण दाबा. खिडकी चालू पडद्यावर येते. सेव्ह करा आणि मग जनरेटरची वाट बघा.